एकट्याचा वाद्यमेळ

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नॉर्वेमध्ये रॉक संगीताची एक शाखा अशा रीतीने वाढली की तिच्यातील कित्येक वाद्यमेळांत माणूस एकच असे. ढोल तोच वाजवी, गिटार तोच छेडी, गाई तोच आणि ध्वनिफितीच्या वेष्टनावरचा मजकूरही बहुधा तोच लिही. अशा एकहाती उपक्रमांपैकी काहींनी तीन परस्परभिन्न प्रवाह एकत्र आणले : विद्युत गिटारचा घोगरा, जड नाद आणि ढोलांचा मारा यांवर उभे असलेले मेटल, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत गाजलेले, दोन-तीन स्वरमेळांत गाणे उरकणारे आणि कसबापेक्षा धडाडीला मान देणारे पंक, आणि नॉर्वेच्या दऱ्याखोऱ्यांतील शेतकऱ्यांचे व पशुपालकांचे परंपरागत संगीत. युल्वे नागेल याचा ‘आयझेनगार्ड’ हा या मिश्रणाचा पहिला ठळक नमुना, आणि तोर्ब्यर्न सांडविक याचा ‘ग्लिटरटिंड’ हा त्याचा पुढचा, पंककडे अधिक झुकलेला अवतार. या प्रकाराचा उलगडा करताना अनेक पाश्चात्त्य संगीतपत्रकारांनी बर्फ, अरण्य, न संपणाऱ्या रात्री आणि उत्तरेकडील माणसाचा जन्मजात एकलकोंडेपणा यांचा इतका सढळ वापर केला आहे की वाचताना पर्यटन खात्याची पत्रिका हाती पडल्याचा भास व्हावा. प्रत्यक्षात या एकहातीपणाची मुळे बऱ्याच ठोस गोष्टींत सापडतात. त्यांतील एक म्हणजे तेथील लोकसंगीताची घडण आणि दुसरी म्हणजे चार मार्गिकांचे एक स्वस्त कॅसेट-यंत्र.

नॉर्वेचे लोकसंगीत हे मुळात एकट्याने करायचे संगीत आहे. पश्चिम किनाऱ्यावरील हार्डांगर, अंतर्भागातील टेलेमार्क, वाल्द्रेस, सेतेसदाल या खोऱ्यांत लग्नकार्यात आणि नाचाच्या मेळाव्यात वाजणारे प्रमुख वाद्य म्हणजे ‘हार्डिंगफेले’, म्हणजे हार्डांगर भागाच्या नावाने ओळखले जाणारे व्हायोलिन. आज उपलब्ध असलेला त्याचा सर्वांत जुना नमुना १६५१ सालचा मानला जातो. वरवर पाहता ते साधे व्हायोलिनच भासते; परंतु त्याची मान आखूड असते, टोकाला सिंहाचे किंवा व्यालाचे डोके कोरलेले असते, अंगावर शाईने वेलबुट्टी काढलेली असते, आणि मुख्य म्हणजे गजाखालच्या चार तारांच्या पोटाशी आणखी चार-पाच तारा ताणलेल्या असतात, ज्यांना गज कधीच लागत नाही. वरची तार वाजली की या खालच्या तारा आपसूक झंकारतात. सारंगीच्या किंवा सतारीच्या तरफांशी परिचित असलेल्या मराठी श्रोत्याला या रचनेचे मर्म वेगळे सांगण्याची गरज नाही. शिवाय या वाद्याची घोडी जवळजवळ सपाट असल्यामुळे वादकाला दोन तारा एकाच वेळी सहज वाजवता येतात. एकीवर चाल चालते आणि दुसरी आधारस्वर धरून राहते. चाल, आधारस्वर आणि झंकार असा तिहेरी ऐवज एकाच माणसाच्या हाती असल्याने साथीदाराची वाण भासत नाही. अशा वादकाला ‘स्पेलेमान’ म्हणतात, तो वाजवतो त्या नृत्यरचनेला ‘स्लॉट’, आणि या रचना गुरुमुखातून शिकल्या जात असल्यामुळे प्रत्येक खोऱ्याचे, नव्हे प्रत्येक घराण्याचे वळण निराळे असते. गाण्याचेही तसेच. ‘क्वेदिंग’ नावाची पारंपरिक गायकी साथीशिवाय, एकट्या कंठाने गाइली जाते आणि तिच्यातील ‘स्तेव’ हे चार ओळींचे सुटे पद आपल्याकडील जात्यावरच्या ओवीप्रमाणे कोणत्याही प्रसंगाला लावून म्हणता येते. या संगीतातील काही स्वर पियानोच्या पट्ट्यांच्या मधोमध पडतात, आणि चढा मध्यम तर जागोजागी ऐकू येतो.

या वाद्याच्या वाट्याला दीर्घ काळ बदनामी आली. धबधब्याखाली राहणारा ‘फोसेग्रिम’ हा जलपुरुष मांसाच्या मोबदल्यात वादनविद्या शिकवतो, अशी लोकसमजूत होती; तिच्या जोडीला एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मातील कडव्या भक्तिपंथी चळवळीने हार्डिंगफेलेला सैतानाचे वाद्य ठरवले, आणि अनेक ठिकाणी वादकांनी आपणहून किंवा समाजाच्या धाकाने आपली वाद्ये जाळली किंवा फोडून टाकली. व्हायोलिनवादक ऊले बुल याने टेलेमार्कचा ख्यातनाम स्पेलेमान म्यूलारगुटेन याला १८४९ मध्ये राजधानी क्रिस्तियानियातील, म्हणजे आजच्या ऑस्लोतील, संगीतसभेत उभे केले, तेव्हा शहरी उच्चभ्रूंनी या संगीताला प्रथमच मानाने टाळ्या दिल्या. सैतानाशी जोडले गेल्याबद्दल ज्या संगीताने मार खाल्ला, त्याच संगीताकडे दीडशे वर्षांनी सैतानाची जाहीर आळवणी करणारी तरुण मंडळी वळली, हा योगायोग फार कमी लेखकांनी टिपला आहे.

परंतु ही मंडळी वळली ती नेमकी कोणत्या लोकसंगीताकडे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या आणि त्यानंतर १९०५ पर्यंत स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता. १८१४ च्या वसंतात आइड्सव्होल येथे ११२ प्रतिनिधींनी देशाची राज्यघटना तयार केली आणि निरोप घेताना ‘डोव्रे पर्वत कोसळेपर्यंत एकदिलाने व निष्ठेने राहू’ अशी शपथ घेतली. राजकीय स्वातंत्र्य अर्धेच मिळाले असल्यामुळे पुढच्या पिढीने सांस्कृतिक वेगळेपण सिद्ध करण्याचा ध्यास घेतला. आस्ब्यर्नसेन आणि मू या जोडीने लोककथा जमवल्या. शेतकऱ्याचा मुलगा असलेल्या स्वयंशिक्षित इवार ऑसेन याने पायी फिरून बोलीभाषांचे नमुने गोळा केले, १८४८ मध्ये त्यांचे व्याकरण छापले आणि त्यांच्या आधारे डॅनिशच्या छायेतून मुक्त असलेली नवी लेखनभाषा उभी केली. संगीतात हेच काम लुडविग मथियास लिंडेमान याने केले. १८४८ मध्ये वाल्द्रेसपासून सुरू झालेल्या भटकंतीत त्याने शेकडो चाली उतरवून घेतल्या आणि १८५३ पासून ‘जुन्या व नव्या नॉर्वेजियन पहाडी चाली’ या नावाने त्या प्रसिद्ध केल्या. तो व्यवसायाने चर्चचा ऑर्गनवादक होता आणि चर्चसाठी स्तोत्रांच्या चालीही बांधत असे. छापताना त्याने लोकचाली पियानोवर वाजतील अशा बेताने बसवल्या. त्यामुळे पट्ट्यांच्या मधले स्वर जवळच्या पट्टीवर सरकले, वळसे सरळ झाले आणि चालीखाली चर्चमध्ये शोभेल असा स्वरमेळ येऊन बसला. शाळेच्या गाणीपुस्तकांतून घरोघरी पोहोचले ते हे इस्त्री केलेले लोकसंगीत. एडवर्ड ग्रीग याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्लॉटेर’ या पियानोरचनांत मूळचा खरखरीतपणा राखण्याचा प्रामाणिक प्रयत्न आहे, पण त्या रचना मैफलीच्या दालनाबाहेर फारशा गेल्या नाहीत.

या पार्श्वभूमीवर १९८० च्या दशकातील नॉर्वेजियन तरुणाचे चित्र डोळ्यांसमोर आणले पाहिजे. त्याच्या कानावर लोकसंगीत पडे ते शाळेत, नाताळात आणि १७ मेच्या घटनादिनी. त्याचे स्वतःचे संगीत मात्र आयात केलेले असे. ऑस्लोतील ‘ब्लिट्झ’ या १९८२ मध्ये तरुणांनी ताब्यात घेतलेल्या इमारतीभोवती पंकची एक जोमदार चळवळ उभी राहिली होती, आणि ‘स्वार्ट फ्रामटिड’, ‘सो मच हेट’ यांसारखे वाद्यमेळ अतिवेगवान, राजकीय आशयाची गाणी स्वखर्चाने मुद्रित करून विकत होते. त्यांच्याकडून मेटलवाल्यांनी उचलली ती राजकीय भूमिका नव्हे, तर कार्यपद्धती. मोठ्या कंपनीची वाट पाहायची नाही. जे सुचेल ते कॅसेटवर उतरवायचे, छायाप्रत काढलेले वेष्टन घालायचे आणि टपालाने जगभर पाठवायचे. अशा नमुना-मुद्रणाला ‘डेमो’ म्हणत. टपालखर्च वाचवण्यासाठी तिकिटावर गोंदाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे पलीकडच्या माणसाला शिक्का धुऊन तेच तिकीट परत वापरता येई, ही युक्ती या मंडळींत सर्वतोमुखी होती. युल्वे नागेल याने पुढे उपजीविकेसाठी नॉर्वेच्या टपाल खात्यातच नोकरी धरली, हे या संदर्भात गमतीचे वाटते.

एकहातीपणामागची दुसरी गोष्ट म्हणजे यंत्र. जपानी कंपनी टॅस्कॅमने १९७९ मध्ये ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे उपकरण बाजारात आणले. साध्या कॅसेटच्या प्रत्येक बाजूवर डाव्या-उजव्या कानासाठी दोन अशा एकूण चार मार्गिका असतात. या यंत्राने त्या चारही मार्गिका एकाच दिशेने वापरल्या आणि प्रत्येक मार्गिकेवर स्वतंत्रपणे मुद्रण करण्याची सोय दिली. पहिल्या मार्गिकेवर ढोल मुद्रित करायचे, मग ते कानात ऐकत दुसरीवर गिटार, तिसरीवर बेस आणि चौथीवर गायन, असा क्रम लावला की एकटा माणूस पुरता वाद्यमेळ होऊ शकतो. चार मार्गिका अपुऱ्या पडल्या तर पहिल्या तीन एकत्र करून चौथीवर उतरवता येतात आणि त्या तीन पुन्हा मोकळ्या होतात. मात्र अशा प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते, उंच स्वरांची धार बोथट होते आणि सगळ्या नादावर एक धूसर पडदा येतो. हा दोष होता. नॉर्वेच्या मेटल संगीतकारांनी त्याचाच अलंकार केला, आणि चकचकीत ध्वनिमुद्रणाला कृत्रिम ठरवून हा धूसर नाद मुद्दाम जपला.

एकट्याने लोकगाथेच्या वळणाचे मेटल करण्याचा आदर्श शेजारच्या स्वीडनमध्ये घडला होता. स्टॉकहोमच्या ‘बाथरी’ या वाद्यमेळाचा सर्वेसर्वा क्वोर्थन याने आरंभी सैतानी विषयांवर गाणी केली. पुढे १९९० च्या ‘हॅमरहार्ट’ या संग्रहात किंचाळी सोडून त्याने खुल्या, अनघड आवाजात व्हायकिंग काळावरची संथ, समूहगानाने भरलेली गाणी गायिली. त्याचा आवाज सुरात पक्का नव्हता, आणि त्यामुळेच ती गाणी एखाद्या दर्यावर्दी माणसाने गायिल्यासारखी वाटतात. गायकीचे शिक्षण नसणे हा अडथळा नाही, ही सवलत नागेलसारख्यांना क्वोर्थनने मिळवून दिली.

नागेल याचा जन्म १९७१ चा. तो वाढला ऑस्लोच्या दक्षिणेकडील कोलबोटन या उपनगरात. तो प्रामुख्याने ढोलवादक. ‘फेनरिझ’ या टोपणनावाने तो प्रसिद्ध आहे. १९८६ मध्ये त्याने ‘ब्लॅक डेथ’ नावाचा हौशी वाद्यमेळ सुरू केला, ज्याचे पुढे ‘डार्कथ्रोन’ असे नामांतर झाले. डार्कथ्रोनचा १९९१ चा पहिला संग्रह तांत्रिक सफाईचा होता. त्यानंतर लगेच या तरुणांनी सफाईकडे पाठ फिरवली आणि १९९२ च्या ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’पासून ते ब्लॅक मेटलचे अध्वर्यू झाले. ब्लॅक मेटल म्हणजे मेटलचा तो उपप्रकार, ज्यात गिटारच्या तारा सलग, वेगाने थरथरवल्या जातात, गायन किंचाळीच्या स्वरूपात असते आणि आशय ख्रिस्तविरोधी असतो. १९९४ च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ या संग्रहातील सर्व वाद्ये नागेलने घरच्या चार मार्गिकांच्या यंत्रावर एकट्याने वाजवून मुद्रित केली आणि जोडीदाराने त्यांवर फक्त गायन केले; म्हणजे दोघांच्या वाद्यमेळातही कामाची पद्धत एकहातीच झाली होती.

टॉल्किनच्या कादंबरीतील एका दुर्गाचे नाव धारण करणारा ‘आयझेनगार्ड’ हा उपक्रम त्याने १९८९ मध्ये सुरू केला. १९८९ चे ‘स्पेक्टर्स ओव्हर गोर्गोरोथ’, १९९१ चे ‘होरायझन्स’ आणि १९९३ चे ‘वांद्रेरेन’ अशी तीन डेमो-मुद्रणे झाल्यावर ती १९९४ मध्ये ‘विंटरस्कुगे’, म्हणजे ‘हिवाळी सावली’, या नावाने एकत्र प्रसिद्ध झाली. हा संग्रह क्रमाने ऐकणाऱ्याला तो कमालीचा विस्कळीत वाटतो, कारण त्यात खर्जातल्या गुरगुरीचे डेथ मेटल आहे, मंद गतीचे गंभीर संगीत आहे आणि एकदम वेगळ्या जातीची नॉर्वेजियन भाषेतील गाणीही आहेत. ही शेवटची गाणी १९९३ च्या मुद्रणातील, आणि ऐतिहासिकदृष्ट्या तीच मोलाची. त्यांतील एका गाण्याच्या शीर्षकापुढे नागेलने कंसात ‘नवपरंपरा’ अशा अर्थाचे एक जोडनाव घातले आहे. आपण जुने गाणे गात नसून जुन्या धर्तीचे नवे गाणे रचत आहोत, याची त्याला पुरती जाणीव होती असे त्यावरून दिसते.

१९९५ च्या ‘होस्टमोर्के’ या दुसऱ्या संग्रहात, म्हणजे ‘शरदातील काळोखा’त, ही नवपरंपरा परिपक्व झाली. संग्रह छोटाच आहे, सात गाण्यांचा. एखाददुसरा पाहुणा गायक वगळता सर्व काही नागेलचे. गिटार दोन-तीन स्वरमेळांवर घट्ट बसून राहते आणि आधारस्वराचे काम करते; चाल वाहून नेतो तो कंठ, आणि तोही खर्जातला, छातीतून काढलेला, किंचित डळमळणारा. एकाच कंठाचे दोन-तीन थर एकावर एक चढवल्यामुळे गावच्या चर्चमधील पुरुषांचा समुदाय गात असल्यासारखा परिणाम होतो. चालींचे टप्पे स्तोत्रांसारखे आखीव आहेत, प्रत्येक ओळीच्या अखेरीस स्वर लांबवला जातो, आणि लिंडेमानच्या हातून सरळ झालेले पहाडी वळण त्यांत सहज ओळखू येते. त्याच संग्रहात शेवटी पंकच्या अंगाने धावणारे, आरडाओरड्याने भरलेले ‘टोटल डेथ’ हे गाणे आहे, ज्याचे नाव पुढच्या वर्षी डार्कथ्रोनच्या संग्रहाला मिळाले. लोकसंगीत, पंक आणि मेटल हे तिन्ही प्रवाह येथे एकाच छताखाली आहेत, पण ते एकमेकांत विरघळलेले नाहीत. बहुतेक ठिकाणी ते शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

या संग्रहांत हार्डिंगफेलेला स्थान नाही, आणि तरफांचा झंकार व मधले स्वरही नाहीत. पुढील काळात या संगीताला ‘प्राचीन उत्तरेचा आवाज’ वगैरे बिरुदे चिकटली, परंतु त्यातील प्राचीनता एकोणिसाव्या शतकाच्या मध्याहून मागे जात नाही. ती छापील गाणीपुस्तकाची आणि शाळेच्या प्रार्थनेची प्राचीनता आहे. ख्रिस्ती धर्माशी लढण्याची भाषा करणारे एक गाणे ऑर्गनवादकाने बसवलेल्या स्तोत्राच्या चालीने चालावे, ही विसंगती नागेलला खटकली असेल असे वाटत नाही. खरे तर तीच त्याच्या गाण्यांची ताकद आहे, कारण खोटी प्राचीनता उभी करण्यापेक्षा स्वतःच्या कानावर जे पडले तेच त्याने गायिले.

या काळाची काळी बाजू झाकता येत नाही. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळील फांटोफ्ट येथील लाकडी चर्च जाळले गेले, पाठोपाठ इतर चर्चना आगी लागल्या, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये ब्लॅक मेटलच्या वर्तुळाचा म्होरक्या ओय्स्टाइन ऑर्सेथ याचा दुसऱ्या एका संगीतकाराने खून केला. फांटोफ्टचे चर्च बाराव्या शतकातील काष्ठशिल्पाचा वारसा होता. म्हणजे प्राचीन उत्तरेच्या नावाने जाळले गेले ते प्राचीन उत्तरेचेच लेणे. नागेल या गुन्ह्यांपासून दूर होता, परंतु ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या वेष्टनावर ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ असे शब्द छापले गेले आणि संग्रहासोबतच्या निवेदनात ज्यूद्वेष्टा शब्दप्रयोग आला. ब्रिटिश प्रकाशक पीसव्हिलने त्याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली आणि पुढे नागेलनेही खेद दर्शवला. तरुण वयातील उद्धटपणा एवढेच म्हणून ते सोडून देणे बरोबर नाही; लोकपरंपरेचा अभिमान आणि वंशाचा अहंकार यांच्यातील सीमारेषा १९९० च्या दशकातील या वर्तुळाने वारंवार ओलांडली, आणि त्याची किंमत नंतरच्या सर्वच लोकाभिमुख संगीतकारांना संशयाच्या रूपाने मोजावी लागली.

‘होस्टमोर्के’ निघाला त्याच १९९५ साली नागेल, ‘सॅटिरिकॉन’ या वाद्यमेळाचा सिगुर्द वोंगरावेन आणि गायिका कारी रुएस्लोटेन या तिघांनी ‘स्टॉर्म’ या नावाने ‘नूरदाविंद’, म्हणजे ‘उत्तरवारा’, हा संग्रह काढला. त्यात परंपरागत गाणी आणि ऑसेनची ‘नूरमानेन’ ही १८६३ ची कविता थेट घेतली आहे. गिटारचा जाड थर आणि त्यावर स्त्रीकंठातली लोकचाल, असा त्याचा सोपा साचा. एका गाण्यातील ख्रिस्तद्वेष्ट्या शब्दांची आपल्याला कल्पना नव्हती असे सांगून रुएस्लोटेन हिने नंतर त्यापासून अंग काढून घेतले, आणि हा उपक्रम एका संग्रहावर संपला.

पश्चिमेकडील सोग्न फियॉर्डच्या काठी, सोग्नदाल गावात, तेर्ये बाक्केन ऊर्फ वालफार या तरुणाने ‘विंडिर’ हा आणखी एक एकहाती उपक्रम सुरू केला. १९९७ चा ‘सोक्नारदाल्र’ आणि १९९९ चा ‘आर्नतोर’ हे संग्रह त्याने पाहुण्या वादकांच्या मदतीने बहुतांशी स्वतःच रचले. गाणी त्याने प्रमाणभाषेत न लिहिता सोग्नच्या बोलीत लिहिली आणि विषय घेतले ते परिसराच्या इतिहासातले. पुढे वाद्यमेळ पूर्ण झाल्यावर आलेल्या २००१ च्या संग्रहाचे नाव नुसते ‘११८४’ असे आहे. त्या वर्षी सोग्नमधील फिमराइटे येथील नौकायुद्धात राजा स्वेरे याने राजा माग्नुसचा पाडाव केला होता. नागेलचे लोकसंगीत उपनगरातल्या शाळेतले होते, वालफारचे खोऱ्यातले होते. त्याच्या चालींत हालिंग आणि गांगार या नृत्यप्रकारांची लय स्पष्ट जाणवते. जानेवारी २००४ मध्ये कुटुंबाच्या डोंगरातील झोपडीकडे पायी जात असताना हिमवादळात सापडून तो मरण पावला. त्याचे वय २५ होते.

ग्लिटरटिंडचा उगम २००१ चा. यूटुनहाइमेन पर्वतराजीतील, २,४५० मीटरहून उंच असलेल्या आणि देशात दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराचे नाव घेऊन तोर्ब्यर्न सांडविक याने एकट्याने हा उपक्रम सुरू केला. तोपर्यंत परिस्थिती बरीच पालटली होती. फितीच्या यंत्राची जागा घरच्या संगणकाने घेतली होती, मार्गिकांची मर्यादा उरली नव्हती, आणि बासरी, अकॉर्डियन किंवा व्हायोलिन यांचे नाद कळफलकावरून उमटवता येत होते. पण सांडविकने या सोयीचा उपयोग भव्यतेसाठी केला नाही. त्याच्या आरंभीच्या गाण्यांत पंकचा दुडका ठेका आहे, सगळ्यांनी मिळून ओरडावे असे ध्रुवपद आहे, गिटार मेटलचे आहे आणि चाल मात्र शाळकरी लोकगीताची. ऑसेनची तीच ‘नूरमानेन’ कविता त्यानेही गायिली. स्टॉर्मच्या मुद्रणात ती संथ आणि गंभीर आहे, तर ग्लिटरटिंडच्या मुद्रणात ती फुटबॉलच्या मैदानावरून परतणाऱ्या तरुणांच्या तोंडी शोभेल अशी धावते. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर घर बांधणाऱ्या माणसाबद्दलची ही कविता एका शतकात राष्ट्रीय गीतासारखी झाली होती, तिला सांडविकने पुन्हा शेतकऱ्याच्या पायताणासह चालायला लावले, असे म्हणता येईल.

त्याचा पहिला संग्रह ‘एविगे आसात्रू’ स्वीडनमधील ‘उल्टिमा थूले’ या प्रकाशनामार्फत बाहेर पडला. हे नाव निरुपद्रवी नव्हते. उल्टिमा थूले हा ‘व्हायकिंग रॉक’ नावाच्या प्रकाराचा म्होरक्या स्वीडिश वाद्यमेळ. त्याची मुळे मुंडण केलेल्या तरुणांच्या पंक-उपसंस्कृतीत होती आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या लोकप्रियतेवरून स्वीडनमध्ये राष्ट्रवाद व वंशवाद यांविषयी मोठा वादंग झाला होता. या परंपरेत पंक आणि लोकगीत यांची सांगड आधीच बसलेली होती, त्यामुळे सांडविकला तेथून घडणीचा आयता सांगाडा मिळाला. पण त्याबरोबर तिच्यावरचा डागही काही काळ वाट्याला आला. २००५ च्या ‘टिल डोव्रे फालेर’ या संग्रहाचे शीर्षक आइड्सव्होलच्या शपथेतून उचललेले आहे, आणि ही निवड अर्थपूर्ण आहे, कारण व्हायकिंगांच्या तलवारींऐवजी येथे आधाराला घेतली आहे ती एका घटनासभेची शपथ. हा संग्रह या संपूर्ण मिश्रणाचा सर्वांत समतोल नमुना म्हणता येईल. आयझेनगार्डमध्ये तीन प्रवाह शेजारी बसतात; येथे ते एकाच गाण्यात एकमेकांचा हात धरतात.

पुढे मात्र सांडविकचा रस्ता बदलला. २००९ च्या ‘लांडशेनिंग’मध्ये मेटल आणि पंक मागे पडले, लाकडी गिटार आणि समूहगान पुढे आले, आणि त्यानंतर ग्लिटरटिंड हा पूर्ण माणसांचा वाद्यमेळ होऊन लोकधर्ती रॉककडे वळला. नागेलचे उलटे झाले. २००६ पासून डार्कथ्रोनने ब्लॅक मेटलची कास सैल करून उघडउघड पंकचे अंग धरले, आणि २००८ च्या संग्रहाच्या नावातच अमेरिकन पंक वाद्यमेळ ‘ब्लॅक फ्लॅग’ याच्या नावावर कोटी केली. मंचावर वाजवण्याची त्याला आवड नव्हती. तो टपाल खात्यात काम करत राहिला, आणि मांजर हातात घेऊन ‘मला मत देऊ नका’ असे सांगणारे छायाचित्र प्रसिद्ध केल्यावरही आपल्या नगरपालिकेत उदारमतवादी पक्षाचा पर्यायी प्रतिनिधी म्हणून निवडून आला. आयझेनगार्डच्या जुन्या फितींतून सापडलेली काही अप्रकाशित गाणी २०२० मध्ये ‘वोर्येव्हनदोग्न’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत लोकसंगीत नावापुरतेच आहे.

या संगीताकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने आधी हार्डिंगफेलेवरचा एखादा गांगार कोणत्याही चांगल्या स्पेलेमानाच्या हातून ऐकावा, मग ‘होस्टमोर्के’ आणि त्यानंतर ‘टिल डोव्रे फालेर’. क्रम उलटा केला तर छापील गाणीपुस्तकालाच खोऱ्यातले संगीत समजण्याची चूक होते, आणि ती चूक नॉर्वेबाहेरच्या समीक्षकांनी आजवर पुष्कळ वेळा केली आहे.